कडेवाले बांधले का?

त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं, की मोतीरामला आपल्याच बैलांची शिंगं दिसत नव्हती. तलाव कुठे संपतो आणि मातीची पाळ कुठे सुरू होते, ते फक्त टिटवीला ठाऊक. त्या धुक्यात माझी नात प्रज्ञा रेंगीत, म्हणजे आमच्या हलक्या बैलगाडीत, तणसावर बसली होती. पायाला प्लास्टर, मांडीवर लॅपटॉप. तिथून हे सगळं सुरू झालं.

किस्सा काही एकटा येत नाही. पेंडीवर पेंडी पडते आणि धानाचं पुंजणं कधी उभं राहिलं ते कळत नाही, तसं होतं. मी शाळेची पायरी चढलो नाही. अक्षरं म्हातारपणी विहारात बसून जुळवली. त्यामुळे एक किस्सा लिहायला माझी एक दुपार जाते. जाऊ द्या, दुपारी मला दुसरं काम काय?

प्रज्ञा दूर मोठ्या कॉलेजात पीएच.डी. करते. स्कूटीवरून पडली, पाय मोडला, म्हणून गावी आली. तिच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "होळीपर्यंत काम दाखव. नाहीतर हा विषय मला दुसऱ्याला द्यावा लागेल." आणि आमच्या गावात नेटवर्क मिळतं ते फक्त तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली! मग शेजारच्या मोतीरामनं रेंगी जुंपली. रोज सकाळी नेणं, संध्याकाळी आणणं. मी सोबतीला.

*

पहिल्याच दिवशी मोतीरामनं लॅपटॉपात डोकावून पाहिलं. पिवळे गोळे, रांगेनं लावलेले.

"हे काय रोवून राहिली, बाई?"

"अणू आहेत, काका. या बाजूनं सोनं, त्या बाजूनं सोनं. मधात हा एक बारीकसा रेणू. याच्यातून करंट जाते का नाही, ते पाहाचं आहे. दोन्हीकडच्या सोन्याले इलेक्ट्रोड म्हणतात."

"किती बारीक?"

"केसाचे लाखो भाग केले, तर त्याच्यातला एक."

मोतीरामनं आपल्याच डोक्यावरचा एक केस चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाला, "फॉल्ट झाला तर लाइनमन कुठून आणशील वो?"

*

सोन्याची गोष्ट मोतीरामच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पारबती शेळ्या घेऊन पाळीवर हजर.

"खरंच सोनं आहे का?"

"कंप्युटरमधलं आहे, काकी. मी दोन्हीकडं थोडे थोडेच थर काढले. पण पुढं ते कधी संपतच नाही, असं धराचं असते."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

पारबतीनं प्रज्ञाकडे नीट पाहिलं. "अव माय! न संपणारं सोनं, आन् पोरीच्या कानात प्लास्टिकचे टॉप्स!"

*

मोतीरामला एखादी गोष्ट आपल्या भाषेत बसवल्याशिवाय चैन पडत नाही. चार-पाच दिवसांनी तो म्हणाला, "समजलं मले. डावीकडं भंडारा, उजवीकडं गोंदिया. मधातला तुझा रेणू म्हंजे साकोली."

"बरोबर, काका! फक्त दोन्ही बाजू अगदी एकसारख्या पायजेत. थोडाही फरक चालत नाही."

"एकसारख्याच पायजेत?"

"हो."

"मंग भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा तोडला कायले?"

*

मग वाईट दिवस आले. मॅडमनी सांगितलं होतं, आधी मधात रेणू ठेवायचाच नाही. सोन्यापासून सोन्यापर्यंत सरळ तार. करंट न अडखळता गेला, तर इलेक्ट्रोड बरोबर लागले असं समजायचं. प्रज्ञा पाळीवरून हिशोब कॉलेजच्या मोठ्या मशीनला पाठवायची, मशीन उत्तर पाठवायचं, आणि उत्तरात करंट अडखळलेला! परत लावायची, परत अडखळायचा. पोरीचं जेवण तुटलं. तिकडे मोहाला कळ्या आल्या. आमच्याकडे मोहा फुलला, की होळी जवळ आली समजायचं.

एक दिवस रेंगी इतकी हळू चालली, की पारबतीच्या शेळ्या आमच्या पुढे गेल्या. लॅपटॉपखाली दुप्पट तणीस. मी विचारलं, "मोतीराम, बैल बिमार आहेत का?"

तो कुजबुजला, "जोरानं हाकलं तर अणू हलतील ना, भाऊ!"

प्रज्ञाला हसूही आलं नाही. त्या दिवशी पाळीवर बसून ती एकेका गोळ्यावर बोट ठेवून त्याच्या जागेचा आकडा बघत गेली. मी बाजूला बसून शेंगा सोलत होतो. अचानक तिनं कपाळावर हात मारला.

"आबाजी! उजव्या कडेचे अणू हलले आहेत!"

तिनं मला समजावलं. अगदी कडेचे अणू बांधून ठेवायचे असतात. त्यांच्या पलीकडचं न संपणारं सोनं जसं, तसेच ते जागेवर राहिले पाहिजेत. मधले तेवढे मोकळे सोडायचे, म्हणजे ते सरकून आपली जागा शोधून घेतात. तिनं डावीकडचे बांधले होते, उजवीकडचे बांधायचे राहून गेले होते.

हे ऐकून मोतीरामचा चेहरा पडला. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माफ कर, बाई. सोमवारी चाक खड्ड्यात गेलं होतं. उजवंच चाक होतं!"

*

तेव्हापासून गावात रामराम बंद, जयभीम बंद. कोणीही भेटो, एकच प्रश्न : "पोरी, कडेवाले बांधले का?"

एकदा फोनवर मॅडम बोलत होत्या. तेवढ्यात पारबती पाळीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली, "प्रज्ञा वो! कडेवाले बांधले का?"

मॅडमनी विचारलं, "कोण आहे ते?"

प्रज्ञा गडबडली. "आमच्या... ग्रुपमधल्याच आहेत, मॅडम."

"त्यांना म्हणावं, माझ्या बाकीच्या पोरांनाही रोज विचारा!"

*

होळीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. सोन्याची तार आधीच पास झाली होती, आता रेणूचं उत्तर आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "छान झालंय. विषय तुझाच."

मोहाची फुलं टपटप पडत होती. पारबतीनं ओंजळभर उचलून पोरीच्या डोक्यावरच टाकली.

मोतीरामनं विचारलं, "गेला का मंग करंट?"

"गेला, काका. पण थोडासाच."

"थोडासा म्हंजे? आपल्या गावच्या व्होल्टेजएवढा?"

"नाही, काका. त्याच्यापेक्षा बरा!"

*

प्लास्टर निघालं. नाकाडोंगरीच्या बस स्टॉपवर मोतीरामनंच आम्हाला सोडलं. त्या दिवशी मात्र बैल असे पळवले, की माझी टोपी दोनदा उडाली.

माझ्याही हातात पिशवी होती. दोन धोतरं, एक सदरा. घरी कोणाला बोललो नव्हतो. पाय नवाच जुळलेला, परक्या गावी पोर एकटी. तुमसरपर्यंत जाऊ, मग नागपूरपर्यंत, मग पुढचं पुढे पाहू, असं मनात होतं.

बस आली. प्रज्ञा आपली आपण चढली. थोडी लंगडली, पण दांडा धरला नाही. खिडकीजवळची जागा तिनं शोधली, बॅग वर ठेवली, आणि मला हात करायला वळली, तर मी बसच्या पायरीवर!

"आबाजी?"

मागची माणसं ढकलत होती. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढून राहिले का उतरून राहिले?"

मोतीरामनं मागून येऊन माझ्या हातातली पिशवी अलगद काढून घेतली, दंडाला धरलं आणि म्हणाला, "हलू नोको, भाऊ. आपून कडेवाले."