चौतीसच्या चौतीस

आमच्या शाळेत एक पत्रसर आहेत. शिकवतात भाषा, वर्गशिक्षक आहेत सातवी ‘ब’चे, पण ओळखले जातात पत्रामुळे. दर शुक्रवारी मुलांच्या दप्तरातून घरोघर एक घडी घातलेला कागद जातो, ‘या आठवड्यात शाळेत’ नावाचा. पाचवीत अपूर्णांक कुठवर आले, सहावीने कोणते प्रयोग केले, टाकी धुवायची म्हणून पाणी कधी बंद, आठवीची सहल कुठे अडकली, आणि अगदी शेवटी सापडलेल्या वस्तू. हे सगळं सर एकटे लिहितात. अकरा वर्षं लिहीत आहेत.

हे काम त्यांनी मागून घेतलं, आणि त्याचं कारण भीती. पत्रसरांइतका घाबरट माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी शाळेत गणित शिकवतो, म्हणजे घाबरलेली माणसं रोज घाऊक भावात पाहतो. शाळेची घंटा वाजली की ते दचकतात. ती रोज ठरल्या वेळीच वाजते याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. फोन वाजला तर तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात. पण खरी भीती पालकांची. पालकसभेला ते नकाशाच्या स्टँडमागे उभे राहत. नकाशाखाली त्यांची पायताणं दिसायची, आणि पालक त्या पायताणांशीच बोलून जायचे. कागदाचं बरं असतं, ते म्हणायचे, कागद उलटून विचारत नाही.

आता त्या पत्राची गोम सांगतो. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन शुक्रवारी चाचणीच्या पेपरांसाठी लागतं. म्हणून पत्र गुरुवारी दुपारी छापावं लागतं, म्हणून सर ते बुधवारी लिहितात. पण घरी जातं शुक्रवारी, आणि घरच्यांना तर आठवड्याची बातमी हवी. मग सर शुक्रवारची बातमी बुधवारीच लिहून मोकळे होतात, झाली असं समजून. ‘सहावीच्या मुलांनी शुक्रवारी आवारातली झाडं मोजली.’ छापलंय म्हटल्यावर मोजावीच लागतात. एकदा भुरभुर पाऊस होता तरी पोरं डोक्यावर पाट्या धरून झाडं मोजत होती. एकदा ‘बल्ब पेटला’ असं छापून गेलं आणि बल्ब काही पेटेना. सर स्वतः धावत जाऊन नवी बॅटरी घेऊन आले आणि शाळा सुटायच्या चार मिनिटं आधी बल्ब पेटला. त्या वेळी सरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बल्बचा नव्हता.

अकरा वर्षांत असं एकदाही झालं नाही की छापलं आणि घडलं नाही. एका डाव्या पायाच्या काळ्या बुटाचा तेवढा अपवाद होता. ‘मालकाने घेऊन जावं’ असं छापूनही तो बूट पाच महिने ‘सापडलेल्या वस्तूं’मध्ये मालकाची वाट बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी मात्र पत्रात आलं, ‘बुटाचा मालक मिळाला.’ आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

तर मागच्या गुरुवारी मी झेरॉक्स मशीनपाशी उभा होतो. शिपाईमामा गरम गरम पत्रं मोजत होते आणि सर शेजारी घड्या घालत होते. शिपाईमामा पत्र वाचूनच घडी घालू देतात, तो त्यांचा हक्क आहे.

“सर, एक विचारू का?” मामा म्हणाले. “सातवी ‘ब’च्या चौतीसच्या चौतीस विद्यार्थ्यांनी वर्गासमोर उभं राहून दोन मिनिटं भाषण केलं, असं लिहिलंय.”

“हो. उद्या शेवटचे दोन तास त्यासाठीच आहेत.”

“चौतीस? म्हणजे एकोणीस नंबरपण?”

सरांच्या हातातली घडी अर्धीच राहिली. मी माणसाला पांढरं होताना पाहिलंय, पण टप्प्याटप्प्याने होताना प्रथमच पाहिलं. आधी कान गेले, मग नाक.

एकोणीस नंबर म्हणजे सातवी ‘ब’मधली एक मुलगी. पाचवीत आली तेव्हापासून शाळेत तिने एक शब्द उच्चारलेला नाही. अभ्यासात चोख, अक्षर सुरेख, हसते, मान हलवते, बोलत मात्र नाही. हजेरीला तिच्या शेजारची मुलगी दोनदा ‘हजर’ म्हणते, एकदा स्वतःची आणि एकदा तिची. याची इतकी सवय झालीय की अठरा नंबर गैरहजर असली की एकोणीस नंबरलाही गैरहजर लावायला आमचा हात जातो.

तिची आई शिवणकाम करते. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. मुलगी पाचवीत आली तेव्हाच त्या माउलीने सरांना नकाशामागे गाठलं होतं. “घरी हिच्या तोंडाला टाळं नसतं, सर,” ती म्हणाली होती. “शाळेत मात्र घसा बांधल्यासारखा होतो. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, आपोआप सुटेल. मी घाई करत नाही. फक्त ज्या दिवशी वर्गात बोलेल, त्या आठवड्याच्या पत्रात कळवा. मी पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.”

सरांनी मान हलवली होती. आणि बुधवारी, सवयीने, हात जाईल तसं, त्यांनी लिहून टाकलं: चौतीसच्या चौतीस.

“अहो, मग बदला की,” मी म्हणालो. “दोनशे चाळीस कागद आहेत, पेनाने खोडू.”

“मोठ्या बाईंची सही झालीय.”

“मग बाईंना सांगा.”

सर मुख्याध्यापिकांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. या खेपेला दार आतून उघडलं.

“काय हो सर?”

“काही नाही बाई. दार बघत होतो.”

“बघून झालं?”

“झालं.”

त्या रात्री सरांना झोप लागली नसणार, कारण शुक्रवारी त्यांनी शर्टाची बटणं एक घर सोडून लावली होती. पाचव्या तासाला शिपाईमामांनी पत्रं वाटली आणि ती दप्तरात गेली. आता हात लावायची सोय नव्हती. शेवटचे दोन तास मला वर्ग नव्हता, म्हणून मी सातवी ‘ब’च्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. सरांनीच बसवलं. म्हणाले, “काही झालं तर कोणीतरी असावं.” काय होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

विषय होता ‘घरात रोज लागणारी एक वस्तू’. एकाने गजराचं घड्याळ आणलं होतं, एकीने छत्री. एका पठ्ठ्याने आजोबांची कवळी डबीतून आणली आणि तिच्यावर फार सुंदर बोलला. आजोबा बिचारे तिकडे घरी काय खात होते कोण जाणे. पोरं हसत होती. सर हसत नव्हते. ते नंबर मोजत होते. तेरा, चौदा. पंधरा नंबर अडखळला तेव्हा त्यांना बरं वाटलं, तेवढंच अर्धं मिनिट मिळालं. सतरा. अठरा नंबरने छत्री मिटली आणि जागेवर गेली.

एकोणीस नंबर उठली. सरांनी घड्याळ हातात धरलं होतं.

तिने खिशातून शिंप्याचा टेप काढला. पिवळा, कडा झिजलेला. फळ्यासमोर उभी राहिली. वर्ग गप्प झाला. दहा सेकंद गेले, वीस गेले. तिचे ओठ घट्ट होते आणि गळा हलत होता, गिळल्यासारखा. मी खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता ही रडणार, आणि हिच्या आधी सर रडणार.

मग ती वळली, सरांपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावर टेप ठेवला. सर जागच्या जागी खांब झाले. तिने या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत माप घेतलं आणि फळ्यावर लिहिलं: खांदा साडेसतरा. डावी बाही तेवीस. उजवी बाही मापली, थांबली, पुन्हा मापली आणि लिहिलं: बावीस. ‘बावीस’खाली दोन रेघा ओढल्या. वर्गात जो हशा पिकला तो शेजारच्या आठवीपर्यंत गेला असणार. टेपची गुंडाळी करून ती जागेवर बसली. दोन मिनिटं बरोबर झाली होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र उजव्या बाहीकडे बघत होते. बोलली नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि दप्तरात कागद होता, तो सांगत होता की बोलली.

उरलेली पंधरा भाषणं झाली आणि शाळा सुटली. सर शिक्षकखोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले.

“जाऊ द्या हो,” मी म्हणालो. “एवढं बारकाईने कोण वाचतं?”

“ती वाचते.”

“मग फोन करा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीत उडी मारा म्हणालो होतो. थोड्या वेळाने ते आपणहून उठले. “चालतच जातो,” म्हणाले. “गेलो तर गेलो.” मी कोपऱ्यापर्यंत सोबत केली. तिथे मला अचानक एक काम आठवलं. पालकांची भीती काही एकट्या सरांनाच वाटते असं नाही. पुढचं सगळं त्यांनी मला सांगितलं तसं लिहितो.

दुकानाचं दार उघडं होतं. मशीनवर अर्धा शिवलेला झगा होता, खुर्ची रिकामी. पडद्यामागून आवाज येत होता. एक आवाज आईचा. दुसरा त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. बारीक, घाईचा, एका श्वासात चार वाक्यं करणारा.

“...आणि कवळी खाली पडली असती ना आई, थोडक्यात वाचली, आणि सर असे उभे, असे, हे बघ, आणि मी बाही मापतेय तर हात लटलट लटलट.”

“बरं, पण पत्रात लिहिलंय तू भाषण केलंस म्हणून. चौतीसच्या चौतीस. मी मघाशी दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं गं.”

“नाही केलं. मी एक शब्द नाही बोलले. सरांनी चुकीचं लिहिलंय.”

“सर का असं लिहितील?”

“घाबरतात गं ते. सगळ्यांना घाबरतात. मला पण.”

सर उंबऱ्याबाहेर उभे होते. आता आत जायची गरज नव्हती, हे त्यांना कळत होतं. मुलीनेच सांगून टाकलं होतं, परत फिरलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. पाय वळलेही होते म्हणे. पण वळता वळता त्यांनी दारावर टकटक केलं. का केलं ते त्यांना अजून सांगता येत नाही.

आतला बारीक आवाज कापल्यासारखा थांबला.

आई बाहेर आली. हातात पत्र होतं. “सर? तुम्ही?”

“ती बोलली नाही,” सर म्हणाले. सगळ्या रस्त्याने केलेली तयारी विसरून थेट शेवटचंच वाक्य आलं. “मी बुधवारीच लिहिलं होतं. मी नेहमी आधीच लिहितो. माझी चूक झाली. तुम्ही तीन वर्षं वाट बघताय आणि मी...” पुढे त्यांचाच घसा बांधला गेला.

त्या बाई खुर्चीवर बसल्या, पत्र मशीनच्या पाटावर सपाट केलं, त्यावरून दोनदा हात फिरवला. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर सरांना परवडलं असतं.

“पेन आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

सरांनी पेन काढलं. ‘चौतीसच्या चौतीस’ खोडलं. वर ‘तेहतीस’ लिहिलं, आणि समासात, अक्षर वेडंवाकडं येत होतं तरी: एकीने मापं घेतली. बरोबर घेतली.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं, पडद्याकडे तोंड करून. मग सरांकडे बघून म्हणाल्या, “कोणी पाठवलं तुम्हाला?”

“कोणी नाही.”

“घाबरला होतात?”

“अजून आहे.”

“दिसतंय. बटणं बघा जरा.” त्या थोड्या हसल्या, पण डोळे ओले होते. “आणि उजवी बाही खरंच एक इंच आखूड आहे. कोण शिवतं तुमचे शर्ट?”

“एक आहेत. बारा वर्षं तेच शिवतात.”

“सांगितलं नाही कधी त्यांना?”

सरांनी उजवी बाही खाली ओढून बघितली. बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी पत्राची घडी घातली, मागच्या फळीवरचा डबा उघडला. तीन वर्षांची पत्रं त्यात एकावर एक होती. हे सगळ्यात वर ठेवता ठेवता त्या थांबल्या.

“सर, ते खरं होतं ना? त्या डाव्या बुटाचा मालक मिळाला ते?”

सरांनी जमिनीकडे पाहिलं. मग दाराकडे. पळायला वाट होती. “नाही,” ते म्हणाले. “माझ्या टेबलाखाली आहे तो. मला वाटलं, छापलं की येईल कोणीतरी.”

पडद्यामागे कोणीतरी हसलं. दाबून नाही, चांगलं मोकळं, खिदळून. सर तिथे आहेत हे माहीत असताना. आणि लगेच तोंडावर हात गेल्यासारखं थांबलं.

दोघंही हलली नाहीत. बाईंनी डबा छातीशी धरला होता. सर म्हणतात, अकरा वर्षांत इतकी भीती वाटली नव्हती, आपल्या श्वासाने काहीतरी मोडेल अशी.

“हे,” ते अगदी हळू म्हणाले, “पुढच्या पत्रात लिहू का?”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“नको सर,” त्या म्हणाल्या. “अजून नको.”