पुढचा ब्रेक

मोटारसायकल मी अडतिसाव्या वर्षी शिकले, आणि तीही हौसेने नाही. बाबांच्या उजव्या हातातली ताकद गेली आणि आईचा बाजार बंद पडायची वेळ आली. आमच्या माकुणसारच्या वाडीतली वांगी, वालपापडी, अळू घेऊन आई आठवड्यातून एकदा पालघरच्या बाजारात बसते. तीस वर्षं बाबांनी तिला गाडीवर मागे बसवून नेलं. इतक्या सकाळी रिक्षा मिळत नाही, आणि भाजीची पाटी घेऊन एसटीत चढणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. बाजारातली तिची जागा मोक्याची. दोन-तीन खेपा चुकल्या की तिथे दुसरं कोणीतरी बसणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांनी मला शिकवलं ते आमच्याकडे शिकवतात तसंच, केळव्याच्या पुळणीवर, ओहोटीला. पाणी मागे हटलं की ओली वाळू घट्ट होते आणि समोर आडवं यायला कोणी नसतं. बाबा सुरूच्या सावलीत पाटी उपडी घालून बसायचे आणि तिथून ओरडायचे. नियम एकच.

"पुडच्या ब्रेकला हात लावायचा नाय!"

वाळूत पुढचं चाक रुतलं की माणूस हँडलवरून पलीकडे जातो. मी तो नियम इतका मनावर घेतला की उजव्या हाताची बोटं ब्रेकपासून लांबच राहायला लागली. पंधरा दिवसांत बाबांनी मला पास केलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तिसऱ्या बाजाराला, पालघरच्या अलीकडे, पुढची रिक्षा एकदम थांबली. मी पायाचा ब्रेक जीव खाऊन दाबला. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी घसरत गेली, आणि आई, पाटी, मी, सगळेच रस्त्यावर. आईचं कोपर खरचटलं, माझा गुडघा. वांगी मात्र पार गटारापर्यंत घरंगळली. आईने ती एकेक करून गोळा केली. घरी आल्यावर म्हणाली, "मी आता तुज्या मागं बसणार नाय." मला राग आला. आधी तिचा, मग रिक्षावाल्याचा, आणि बऱ्याच उशिरा स्वतःचा.

पुढचा बाजार चुकला. मी हट्टाने गाडी रोज बोईसरला कामावर न्यायला लागले. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी आहे. रोज गेटपाशी मी टायर करकरवत थांबायचे, आणि बेटेगावहून येणारा आमचा एक फिटर ते रोज बघायचा. एक दिवस त्याला राहवलं नाही.

"मॅडम, आगे का ब्रेक देखने के लिए रखा है क्या?"

मी बाबांचा नियम ऐकवला. तो हसला नाही, म्हणूनच मी पुढचं ऐकून घेतलं. डांबरावर ब्रेक लावला की सगळा भार पुढे येतो. गाडी मुख्यतः पुढचं चाक थांबवतं; मागचं हलकं होतं आणि नुसतं त्यालाच दाबलं तर घसरतं. "दोनों साथ में. और झटका नहीं, नींबू जैसे दबाओ."

लिंबू पिळणं मला जमतं. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर मी खडूने रेघ मारायचे आणि त्या रेघेवर थांबायचा सराव करायचे. आधी वीसच्या वेगाने, मग तीसच्या. सुरुवातीला बोटं ब्रेककडे जायलाच तयार नव्हती, सुरूखालची ती आरोळी कानात बसलेली. आठ-दहा दिवसांनी गाडी घसरल्याशिवाय रेघेवर उभी राहिली, आणि मी एकटीच मोठ्याने ओरडले.

बाबांना सांगितलं तर ते भडकले. "तीस वर्सं चालवली, कदी पडलो नाय!"

"तुमी पुळणीवर शिकवलंत, मी डांबरावर पडले," मी फाडकन बोलले, आणि लगेच मला वाईट वाटलं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले.

तोवर दुसरा बाजारही चुकला होता. शेवटी आईच मला म्हणाली, "आदी ह्यांना फिरवून आण. मंग बघू."

बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे बसले. सफाळ्याच्या रस्त्याला एक बकरी आडवी आली. मी दोन्ही ब्रेक दाबले. त्याच क्षणी बाबांचा उजवा पाय मागच्या पायरीवर जोरात दाबला गेल्याचं मला जाणवलं. तिथे ब्रेक कुठला असायला! गाडी सरळ उभी राहिली. बकरी सावकाश निघून गेली. बाबांनी वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "पुना करून दाकव." मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला तसंच चार वेळा थांबायला लावलं.

बाजाराच्या दिवशी आई पाटी घेऊन माझ्या मागे बसली. मी किल्ली फिरवली, तोच ओटीवरून बाबांची तीच जुनी आरोळी आली.

"पुडचा ब्रेक इसरू नको!"

मला भरून आलं. बरं झालं हेल्मेट होतं.

पालघरला पोचलो तर आईच्या जागेवर नारळवाली बसली होती. आईला बघून ती हसली आणि आपले नारळ बाजूला घेत म्हणाली, "आलीस? मला वाटला, आता काय येत नाय तू."

"येणार नाय तर काय," आई पाटी खाली ठेवत म्हणाली, "पोरगी हळू चालवते, म्हणून उशीर."