न दिसणारं बटण

इकडे उत्तरेत, सोडाला भागातल्या आमच्या विमा कार्यालयातला ब्राउझर जुनाट, आणि नवा उतरवून घ्यायला वरून बंदी. त्या आठवड्यात क्लेमच्या पानावरचं ‘सबमिट’ बटणच दिसेनासं झालं होतं. तेव्हाच एक बाई वारलेल्या नवऱ्याचा क्लेम घेऊन आल्या. मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी हात टेकले. त्यांनी विचारून कीबोर्ड स्वतःकडे ओढला, पडद्यावरचे रकाने ओठांतल्या ओठांत मोजत, एकेक रकाना पुढे नेणारी टॅबची कळ नऊ वेळा दाबली, मग एंटर. अर्ज गेला.

“आपको कैसे पता?” मला राहवेना.

“हमारे स्कूल के दफ़्तर में भी यही हाल है. दिखता नहीं, मतलब है ही नहीं, ऐसा थोड़े ही होता है.”

पावतीची घडी घालण्याआधी त्यांनी नवऱ्याच्या नावावरून हलकेच बोट फिरवलं. पुढच्या माणसाला मी उगाचच थोडं थांबायला सांगितलं.