पाठमोरा भुजंग

वाटूर फाट्यावर उतरून भुजंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान विचारलं, की समोरचा उलट विचारतो, "पाठमोऱ्याचं का?" भुजंगला या नावाचा राग येत नाही. ते त्यानं स्वतःच्या करणीनं कमावलेलं आहे. कुणी क्रिप्टोचं वॉलेट उघडायला आलं, की तो त्याला खुर्चीवर बसवतो, फोन त्याच्याच हातात ठेवतो आणि आपण भिंतीकडं तोंड करून, हात पाठीमागं बांधून उभा राहतो, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. पुढचं सगळं काम तोंडानं. चहा घेऊन आलेला हॉटेलवाला एकदा त्याची ती पाठ बघून परत गेला आणि भुजंगचं आज बायकोशी वाजलंय असं सगळ्या फाट्याला सांगून मोकळा झाला.

या वॉलेटची भानगडच तशी आहे. पैसे ना खिशात, ना बँकेत. त्यांची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, तेही ठरलेल्या क्रमानं. फोन विहिरीत पडला तरी बिघडत नाही, दुसऱ्या फोनवर ते बारा शब्द टाकले की पैसे समोर हजर. पण शब्द हरवले किंवा क्रम चुकला, तर जाऊन भांडायला मॅनेजर नाही की अर्ज करायला खिडकी नाही. आणि तुमचे शब्द दुसऱ्यानं वाचले, तर पैसे त्याचेही झाले. म्हणून भुजंग बघतच नाही. न बघण्याचे तो शंभर रुपये घेतो, आणि माझ्या मते ते स्वस्त आहेत.

ही अक्कल त्याला फुकट आलेली नाही. पुण्यात दोन वर्षं वेबसाइटची कामं करत होता, तेव्हा एका गिऱ्हाइकानं त्याला कॉइनमध्ये पैसे दिले. भुजंगनं डोकं लढवलं. बारा शब्द आणि बारा महिने! घरातल्या कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक शब्द लिहून ठेवला आणि आपल्यासारखा हुशार आपणच, म्हणून वर्षभर मिशीत हसला. जानेवारी उजाडला. बायकोनं, कौसल्यानं, जुनं कॅलेंडर उतरवलं, निम्म्या पानांची पोरीच्या वह्यांना कव्हरं घातली आणि उरलेली डब्यांच्या खाली अंथरली. भुजंगनं घर उपसून सात महिने शोधून काढले. पाच सापडले नाहीत ते नाहीतच. ते पैसे आजही तिथं आहेत, दिसतात, हात लावता येत नाही. कौसल्यासमोर या विषयावर बोलायची अजून कुणाची छाती होत नाही.

तर अशा या माणसाच्या दुकानात एका दुपारी नंदाबाई आल्या, काखेत भलंमोठं गाठोडं घेऊन. मंठ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या, पन्नाशीला टेकलेल्या, गोधड्या शिवणाऱ्या. पुण्यातली भाची कल्याणी हिनं त्यांच्या गोधड्यांचे फोटो टाकले होते आणि परदेशातली एक अतिथीगृहवाली बाई दोन वर्षांत अकरा गोधड्या घेऊन गेली होती. पैसे डिजिटल डॉलरमध्ये आले. कल्याणीनं वॉलेट उघडून दिलं, मावशीला बजावलं की हे बारा शब्द मलासुद्धा दाखवू नकोस, फोटो काढू नकोस, आणि कागदावर तर ठेवूच नकोस, उंदीर खातील. मावशीनं तंतोतंत ऐकलं. मग मागच्या महिन्यात फोन पाण्याच्या हौदात पडला.

नंदाबाईंना पैसे हवे होते ते इलेक्ट्रिक स्कूटीसाठी. गोधडीला लागणाऱ्या चिंध्या मंठ्याच्या शिंप्यांकडून आणाव्या लागत आणि त्यासाठी नवरा भागवतराव मोटारसायकल काढतील त्या दिवसाची वाट बघावी लागे. तो दिवस कधी आठवड्यानं येई, कधी महिन्यानं. त्यांनी मंठ्यात स्कूटी पसंत करून ठेवली होती, पुतणीच्या गाडीवर शिकूनही घेतलं होतं. भागवतराव मात्र हवेतल्या पैशांची गाडी हवेतच चालणार, असं चारचौघांत म्हणायचे. शब्द लागले नाहीत, तर ते बरोबर ठरणार होते. नंदाबाईंना पैसे गेल्यापेक्षा ते जास्त लागलं असतं.

भुजंगनं नवा फोन त्यांच्या हाती दिला. इंग्रजी वाचता येतं का, विचारलं. न्हाई, पण अक्षरं ओळखते, अक्षराला अक्षर जुळवता येतं, असं उत्तर आलं. शब्द मोठ्या लिपीत उतरवलेले आहेत कळल्यावर त्यानं कीबोर्डही मोठ्या अक्षरांचा करायला शिकवलं. वरची ओळ आधी घ्या, डावीकडून उजवीकडं, ती संपली की खालची, असं नीट समजावलं आणि नेमानं भिंतीकडं वळला. मागं गाठोडं सुटल्याचा आवाज आला. आता ही बाई चिंध्या कशाला काढते, असं त्याच्या मनात आलं, पण वळून बघायचं नाही म्हणजे नाही.

पंचवीस मिनिटं गेली. नंदाबाई म्हणाल्या, लाल अक्षरात काहीतरी आलंय. भुजंगनं ते अक्षर अक्षर करून सांगायला लावलं आणि त्याला कळलं की शब्द चुकीचे आहेत. पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा पंचवीस मिनिटं, पुन्हा लाल अक्षरं. भिंतीकडं बघत उभ्या असलेल्या भुजंगला डब्यांखालचा फेब्रुवारी आठवला. या बाईचं आपल्यासारखं होऊ नये, एवढंच त्याला मनापासून वाटत होतं.

"भाऊ, वळा आता आन् तुम्हीच बघा," नंदाबाई म्हणाल्या. "मी माणूस बघूनच आल्ते इथं."

वळला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण बघितलं की पुढं जन्मभर त्या पैशांना आपली नजर चिकटणार, हे भुजंगला ठाऊक होतं. तो म्हणाला, आज नाही वळणार, पण आपण तिसऱ्यांदा करून बघू. नंदाबाईंनी नाराजीनं सुस्कारा सोडला आणि विचारलं की मग आता कोणता कोपरा वर धरू.

कोपरा? कागदाला वर कोणता कोपरा असं कधी विचारतात का? भुजंगनं विचारलं की मावशी, तुम्ही शब्द लिहिलेत कशावर. आणि मग उलगडा झाला. कागदावर नाही ठेवायचे म्हणून नंदाबाईंनी ते गोधडीवर शिवले होते. कडेनं बारा ठिगळं, एकेका ठिगळावर एकेक शब्द, धावदोऱ्यानं.

भुजंगला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. तासभर तो एका गोधडीला वरची ओळ आणि खालची ओळ सांगत होता.

"मावशी, तुमची सुई कुठून सुरू होती?" त्यानं विचारलं.

"कोपऱ्यातून. लाल दोरा असतो तिथून. मंग कडेकडेनं गोल जायचं. गोधडी फिरवत राह्यची, आपण जागचं हलायचं न्हाई."

"मंग शब्दबी तसेच टाका. जशी सुई गेल्ती तसे. म्या ओळी सांगितल्या ते इसरा, चूक माझी हाय."

नंदाबाईंनी गोधडी मांडीवर घेतली आणि फिरवायला लागल्या. कापड सरकल्याचा आवाज, मग टकटक. पुन्हा कापड, पुन्हा टकटक. या वेळी पंधरा मिनिटांतच झालं.

"भाऊ," नंदाबाई हळूच म्हणाल्या, "नऊशे साठ डालर दिसून राह्यले."

भुजंगला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आपले पाच महिने सापडले असते तरी एवढा झाला नसता. गोधडीची घडी घातली ना, असं दोनदा विचारून मगच तो वळला, आणि ती नीट लपवून ठेवता ना, असंही विचारलं. लपवायची कशाला, नंदाबाई म्हणाल्या, दर उन्हाळ्यात अंगणात वाळत घालते, सगळ्या आळीनं बघितलीय. भुजंग मटकन स्टुलावर बसला.

"कुणी वाचलं तर वाचू द्या," नंदाबाई म्हणाल्या. "वाचणारा ओळीनंच वाचणार की, तुमच्यासारखा."

कुठल्यातरी शिकलेल्या चोराला बारा शब्दांचे क्रम लावून बघायला फार वेळ लागणार नाही, एवढं सांगून भुजंगनं गोधडी पेटीत ठेवायचं वचन मात्र घेतलं.

मग पैसे खर्चायचं काम. वॉलेटमधले डॉलर आधी एक्स्चेंजवर पाठवायचे, तिथं त्यांचे रुपये करायचे, रुपये बँकेत घ्यायचे. एक्स्चेंजवरचं खातं कल्याणीनं आधारकार्ड लावून मावशीच्याच नावानं उघडलेलं होतं. पाठवायला भाडं लागतं ते थोडं कॉइन तिनं फोनवरूनच धाडलं. नंदाबाईंना सगळे एकदम पाठवायचे होते. भुजंग अडून बसला. आधी दहा पाठवा, पोचू द्या, पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून बघा. दहा पोचले. मग बाकीचे गेले. सरकारचा एक टक्का कापला गेला तेव्हा नंदाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण ते इथं प्रत्येकजण करतो.

सहाव्या दिवशी दुकानासमोर एक निळी स्कूटी करकचून थांबली. पुढं नंदाबाई, मागं भागवतराव, एका हातानं सीट घट्ट धरलेली, दुसऱ्यानं मांडीवरचं रिकामं पोतं. पेढे देता देता नंदाबाईंनी मंठ्याच्या शोरूमची हकिकत सांगितली. दुकानदारानं पेन उघडलं आणि भागवतरावांना विचारलं, काका, बिल कुणाच्या नावानं करू.

"मंग?" भुजंगनं विचारलं.

नंदाबाईंनी हसून मागं बघितलं. तेव्हा मागून भागवतरावच बोलले.

"म्हणलं, मला काय इचारतो? कमवून तिनं आणले. मला फक्त मागं बसायचं हाय."

नंदाबाईंनी पदर खोचला आणि भलत्याच बाजूचा इंडिकेटर लावला. चिंध्या घेऊन अंधाराच्या आत घरी परतायचं होतं. गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली.