शुक्रवारी येते

आमच्या नातीला 'जाते' म्हणायचं नाही हे मीच शिकवलं, त्यामुळे झाल्या गोंधळाचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. आम्ही दोहाच्या मदिनत खलीफात याच घरात होतो. शाळेची बस दाराशी भोंगा वाजवायची आणि ही पायात बूट कोंबत ओरडायची, "आजी, मी जाते." मी तिला उंबऱ्यातून परत आत बोलवायची, पाटावर बसवायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि म्हणायची, हं, आता म्हण, येते. बसचा ड्रायव्हर मल्याळी होता. त्याला वाटायचं, या घरात मुलीला रोज काहीतरी औषध पाजतात. पण पोरीच्या अंगात ते मुरलं. एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलणार, मी मराठीत विचारणार, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. निघताना मात्र न चुकता 'येते'.

आता ती आइसलंडला असते. तिथे एका लहानशा गावात निसर्गाचा अभ्यास करणारं केंद्र आहे, त्यात. काय अभ्यास, ते मुलाने मला तीनदा समजावलं. म्हणाला, आई, शाश्वत विकास. मी म्हटलं, शाश्वत म्हणजे देवाबिवासारखं? तर म्हणाला, तसं नाही, गावातल्या लोकांना तिथेच पोट भरता आलं पाहिजे आणि पक्षी, जमीन, समुद्र यांनाही धक्का लागता कामा नये, ते कसं करायचं ते ही शोधते. तिथली तरुण मुलं शहरात निघून जातात म्हणे. मी म्हटलं, म्हणजे त्यांचं गाव ओस पडू नये म्हणून आमची मुलगी आमचं घर ओस पाडून गेली. यावर सूनबाई हसली, पण तिचं हसू काही खरं नव्हतं.

तसा या नादाला थोडा हातभार माझाही आहे. शाळेची सहल एकदा अल खोरच्या खाडीत गेली होती, तेव्हा घरची मोठी माणसंही सोबत चालतील म्हणाले म्हणून मी गेले. बघते तर समोर तिवरं! आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीत असतात तशीच, मुळं चिखलातून वर नाक काढून. या वाळवंटात मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी साडी खोचून चिखलात उतरले आणि पोरीला खेकड्यांची बिळं दाखवत बसले. बाई "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करून थकल्या, तरी ही बिळं मोजतच होती. तेव्हापासून मोजतेच आहे.

तर झालं असं. तिचं तिथलं वर्ष संपत आलं होतं आणि केंद्राने विचारलं होतं, अजून दोन वर्षं थांबतेस का. ती त्याच आठवड्यात काय ते कळवणार होती. घरात या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सूनबाई मुशैरिबच्या ऑफिसातून आली की आधी फोन बघायची, मग चप्पल काढायची. माझं म्हणाल तर मी देवापुढे काही मागत नव्हते, कारण पोरीच्या मनाविरुद्ध मागणं बरं नाही. पण उदबत्ती एकाऐवजी दोन लावत होते, हे कबूल करते.

मंगळवारी माझ्या फोनवर तिचा मेसेज आला. चक्क मराठीत. "आजी, मी शुक्रवारी येते. फोन लागणार नाही. काळजी नको."

मी तो बोट ठेवून चारदा वाचला. फोन लागणार नाही, म्हणजे विमानात असणार. सगळं जुळत होतं. मला एकटीलाच लिहिलंय, म्हणजे आईबापांना चकित करायचा बेत असणार, असं मी धरलं आणि तोंड मिटून घेतलं. बुधवारी मुलाला म्हटलं, बाजारातून हमूर मासा आण, चांगला मोठा. तिला माझ्या हातचं हमूरचं कालवण लागतं, पण हे मी बोलले नाही. मुलगा म्हणाला, आई, मधेच हमूर कशाला? मी म्हटलं, मला खावासा वाटतो.

पण गुरुवारी सूनबाई म्हणाली, पोरीने लोकरीचे जाड मोजे मागवलेत, दोन-तीन जोड्या पाठवून दे म्हणाली. आता मला कळेना. येणारं माणूस मोजे कशाला मागवेल? दोहाच्या या उकाड्यात लोकरीचे मोजे? मी कोथिंबीर निवडता निवडता थांबले. शेवटी राहवेना, तेव्हा मुलाला विचारलं, "विमान किती वाजता उतरतं रे?"

"कुणाचं?"

मग मेसेज दाखवावाच लागला. मुलाने वाचला, सूनबाईने वाचला, पुन्हा मुलाने वाचला. एवढीशी ओळ, आम्ही तिघं तिच्यावर वाकलेलो. मुलाने फोन लावला तर लागला नाही. लागणार नाहीच, तिने लिहिलंच होतं. मोज्यांचं काय, तर सूनबाईनेच तोड काढली, मैत्रिणीसाठी असतील. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की कारणं किती पटापट सापडतात. तिने पोरीच्या पलंगावरची चादर बदलली.

शुक्रवारी सकाळपासून मुलगा युरोपातून येणारी विमानं फोनवर बघत बसला. एक उतरलं, दुसरं उतरलं. कालवण झालं, भात झाला. मशिदीतून लोक घरी परतले, रस्ता पुन्हा सामसूम झाला. सूनबाई खिडकीशी जायची आणि पडदा नीट करायच्या निमित्ताने बाहेर बघायची.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. तो विमानतळावरून नव्हता. पडद्यावर पोरगी, अंगात नारिंगी जाकीट, केस वाऱ्याने तोंडावर, मागे नुसता दगड आणि समुद्र. तिच्या गावापासून बोटीने जायचं एक छोटं बेट आहे, तिथे समुद्री बदकांची घरटी मोजायला ती सकाळीच आली होती. एका खडकावर चढलं की थोडी रेंज येते म्हणाली. तिथली मादी स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते, आणि तिथले लोक पक्ष्याला न दुखवता त्यातली थोडी काढून घेतात, दुलया करतात. म्हणून तर ती बदकं दर वर्षी त्याच जागी परत येतात, असं ती आनंदाने सांगत होती.

"बदकांना तरी कळतं," मी म्हटलं. "तू येते म्हणून लिहिलंस ना गो बाय?"

ती गोंधळली. मग तीही मराठीतच म्हणाली, "आजी, मी इकडे आयलंडवर जाणार होते ना. तूच सांगितलंस, जाते म्हणायचं नाही."

सूनबाई आत गेली. मुलाने हळूच विचारलं, त्या दोन वर्षांचं काय ठरवलंस. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता, पण 'हो म्हटलं, बाबा' एवढं नीट ऐकू आलं. तिथले लोक पक्षी मोजायला तिच्यावर विसंबून आहेत, आणखीही काही म्हणाली. मला राग आला की रडू, की त्या जाकिटात ती शोभून दिसते याचं बरं वाटलं, मला खरंच सांगता येत नाही.

मी तिला एवढंच विचारलं, "मग खरंच येशील तेव्हा काय लिहिशील?"

तिने विचार केला. पाठीमागे एक पक्षी ओरडत होता. "तेव्हाही येतेच लिहिणार ना? दुसरा वर्ड नाही." मग हसली. "ओके. येते, हमूर आण, असं लिहीन."

त्या दिवशी हमूर आम्ही तिघांनी खाल्ला. बरा झाला होता, मीठ मात्र दोनदा पडलं होतं.

आता ती दर शुक्रवारी बेटावर निघताना मला लिहिते, "आजी, मी येते." मी चष्मा लावते आणि पुढे हमूर लिहिलाय का ते बघते.