घाबरायला अख्खा तास

"आधी पाणी प्या. घाबरायला अख्खा तास पडलाय," असं म्हणत बाई दोन पेले पुढे सरकवायच्या.

तुम्ही पाहिलं असतंत तर निवृत्त मुख्याध्यापिका वाटल्या असत्या, आणि त्या होत्याच. निवृत्तीनंतर समुपदेशन शिकून त्यांनी गोखिवऱ्यात एक खोली घेतली. आमच्यासारखी जोडपी तिथे जायची. मी आणि सँड्रा, दोघी बायका, चंदनसारला एकत्र राहायचो. सोसायटीत 'मैत्रिणी' म्हणून. बाईंच्या जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, ते रिक्षातच ठरवून ठेवायचो.

'घरी सांगून टाका' असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. त्या विचारायच्या, "घरात तुला न विचारता ताटात वाढतं कोण? सांगायची सुरुवात तिथून." सँड्राच्या घरी तसा होता तिचा मोठा भाऊ.

पण आम्ही सांगायच्या आधीच एका गुरुवारी तो बाईंच्या दारात उभा राहिला. आमच्या मागोमाग आला होता.

"ही इथे काय करते?" त्याने बाईंना विचारलं.

"ते तिने सांगायचं. बसा. आधी पाणी प्या."

तो बसला नाही. सँड्रा भिंतीकडे बघत म्हणाली, "दादा, माझं हिच्यावर प्रेम आहे. मला स्थळं आणू नका."

"मम्मीला कळलं तर ती जगेल का?"

"आज मम्मीला सांगायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "आज फक्त तुम्ही ऐकायचंय." आवाज नेहमीचा होता, पदराआड मुठी मात्र घट्ट वळलेल्या. त्यांनाही भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

तो निघून गेला. दार त्याने हळूच ओढून घेतलं, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. पुढे आठ दिवस फोन वाजला की आम्ही एकमेकींकडे बघायचो.

नवव्या दिवशी त्याचाच आला. "नाताळला घरी ये. एकटी."

मी बाईंसमोर रडले. "एकटी म्हणाला, ते लागणारच," त्या म्हणाल्या. "पण ये म्हणालाय. तिला जाऊ दे. तू माझ्याकडे जेवायला ये." नाताळच्या दिवशी त्यांचा पुलाव खालून करपला. "शाळेत हा विषय नव्हता," म्हणून स्वतःच हसल्या.

यंदा बाई अचानक गेल्या. अंत्ययात्रेला दोघादोघांनी आलेली, कडेला उभी राहिलेली माणसं बरीच होती. बाईंच्या मुलीने आम्हाला विचारलं, "आईच्या विद्यार्थिनी का?" मी घाईघाईने हो म्हटलं.

सँड्राने सगळ्यांसमोर माझा हात धरला. गर्दीत तिच्या गावचे दोघे होते, आमच्याकडेच बघत होते. मी हात सोडवला नाही.