मॅडम, लढाई कवा सुरू हुनार?

शाळेच्या कपाटात जप्त केलेले भोवरे साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठतात. भोवरे वर्षअखेरीला परत तरी देता येतात, किश्श्यांचं काय करायचं? यंदाचे सगळे एकाच धड्यातले. अमेरिकेत गुलामगिरीवरून भांडणं कशी वाढत गेली आणि उत्तर-दक्षिण युद्ध कसं पेटलं, हा तो धडा. वर्ग आठवी, गाव पलूसजवळचं आणि मी वाईची, म्हणजे पोरांच्या मते 'पुस्तकी बोलणारी बाई'.

त्यात हाच पाठ बघायला शाळा तपासणारे केंद्रप्रमुख येणार होते. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या शेऱ्यात 'मुले बोलत नाहीत' असं लिहून ठेवलं होतं. ते मला वर्षभर सलत होतं. यंदा पोरांना बोलतं करायचंच, असा मी चंग बांधला.

*

पहिल्याच दिवशी सांगितलं, "डावी रांग उत्तर, उजवी दक्षिण. दक्षिणेच्या शेतांत गुलाम राबायचे. उत्तरेला ते नको होतं."

सुभेदारांची वैष्णवी उभी राहिली. "मॅडम, जिंकलं कोण?"

"उत्तर."

झालं. उजवी रांग रिकामी, डावीकडे एकेका बाकावर पाच-पाच जण. शेवटी जी मुकाट ऐकतात त्यांना मी दक्षिणेत नेऊन बसवलं. सगळ्यात पुढे सोहेल, टेलरचा मुलगा, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही. उत्तरेचा पुढारी झाला सरपंचांचा नातू रणजित. त्याला कुणी निवडलं नव्हतं, पण वर्गात क्रिकेटची बॅट एकट्या त्याच्याकडे आहे.

*

वैष्णवीच्या घरात आजोबा, वडील, काका सगळे फौजेत. तिला भांडणाच्या कारणांत रस नव्हता. रोज तास संपताना एकच प्रश्न, "मॅडम, लढाई कवा सुरू हुनार?"

"आधी भांडण का झालं ते समजून घे."

"आवं पर चार दिस झालं, निस्ती भांडत्यात. आमच्या बांधावर एवढ्यात डोकी फुटली असती."

*

माजी विद्यार्थ्यांनी तीन नवे बाक दिले. मी म्हटलं, ही नवी राज्यं. तिथे गुलाम ठेवायचे की नाही, यावरूनच तिकडे खरं बिनसलं. एक बाक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला. तिसऱ्यावरून दप्तरं उडाली आणि मग दोन दिवस त्यावर कुणी बसेचना.

मुख्याध्यापक डोकावले. "मॅडम, बाक मोकळा आणि पोरं जमिनीवर?"

"सर, त्याचा निकाल लागायचाय."

ते मान हलवत पुढच्या वर्गाकडे गेले. ते विज्ञान शिकवतात.

*

वह्या तपासताना चमत्कार दिसला. रणजितचं अक्षर दिवाळीपर्यंत कोंबडीनं उकरल्यासारखं होतं, ते आता मोत्यासारखं झालं होतं. मी 'सुंदर प्रगती' लिहिलं आणि वर्गाला टाळ्याही वाजवायला लावल्या. सोहेलची वही मात्र अर्धी कोरी.

"का रे?"

"येळ गावला न्हाई, मॅडम."

"रणजितला गावतो तो वेळ? शीक जरा त्याच्याकडून."

सोहेलनं मान डोलावली. माझ्या अकलेची आता लाज वाटते. तेव्हा मात्र मी स्वतःवर खूश होते.

*

एकदा रणजितनंच विचारलं, "एवढी माणसं हुती, मग न्हाई का म्हनत नव्हती?"

मी सांगितलं, म्हणायची, पळूनही जायची. पण सापडली की चाबूक, आणि लेकरं दुसऱ्याच मालकाला विकली जायची. तेव्हा सोहेलनं वर्षात पहिल्यांदा हात वर केला.

"मॅडम, पयल्यांदा न्हाई म्हनताना लय भ्या वाटत आसंल न्हवं?"

"हो रे, खूप," मी म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली.

*

केंद्रप्रमुख आले आणि नेमके त्या तिसऱ्या बाकावर बसले. आपण कुणाच्या भांडणात बसलोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

उत्तरेतर्फे रणजित भाषणाला उठला, हातात दोन पानं. "एकानं घाम गाळायचा आणि दुसऱ्यानं टाळ्या घ्यायच्या, हे आम्हाला मान्य नाही!" आवाज खणखणीत. केंद्रप्रमुख भराभर लिहू लागले. मी मनातल्या मनात हुरळले. रणजितनं पान उलटलं आणि थांबला. दुसरं पान कोरं होतं.

"सोहेल, फुडचं कुठं हाय रं?"

दक्षिणेच्या रांगेतून सोहेल उठला.

"फुडचं तू लिव. मी न्हाई लिवनार."

केंद्रप्रमुखांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी रणजितच्या हातातल्या मोत्यासारख्या अक्षराकडे.

वैष्णवी हळूच माझ्याकडे झुकली.

"मॅडम, सुरू झाली."